हात फिरवला तेव्हा

माझ्या पुतणीकडे जिल्ह्याची तीन सुवर्णपदकं आहेत आणि तिने जिल्ह्यात एकही लढत खेळलेली नाही. हे वाक्य मी लोकांना सांगते तेव्हा ते हसतात. त्यांना वाटतं मी कौतुक करतेय. "लढलीच नाय तरी सोनं? नशीबवान गो पोर!" मग मला पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावून सांगावं लागतं आणि समजावताना आवाज चढतो. आमचे हे म्हणतात, तू एवढी चिडतेस कशाला, पदक तर मिळतंय. त्यांच्याही लक्षात आलेलं नाही.

म्हणून एकदा नीट क्रमाने लिहून काढते.

पुतणी म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची मुलगी. आम्ही शेणव्याला एकाच घरात राहतो, चुली दोन आहेत एवढंच. मी शहापूरला एका शाळेच्या कार्यालयात काम करते, त्यामुळे घरातली फॉर्म, दाखले, आधारकार्ड, रेशन अशी सगळी कामं माझ्याकडे येतात. पोरीचं बॉक्सिंगही त्याच वाटेने माझ्याकडे आलं. कुणीतरी फॉर्म भरायला हवा होता.

अंगाने ती आबांवर गेली आहे. आबा म्हणजे माझे सासरे. तरुणपणी जत्रेच्या कुस्त्या मारायचे. पोरगी दहावीतच घरातल्या सगळ्यांपेक्षा उंच झाली, खांदे रुंद झाले आणि गावातल्या बायका तिच्या आईला धीर देऊ लागल्या, जणू काही आजार झालाय. त्याच सुमारास सैन्यातून निवृत्त झालेले एक सर गावात परत आले आणि त्यांनी भाताच्या गिरणीच्या मागच्या शेडमध्ये मुलांना बॉक्सिंग शिकवायला सुरुवात केली. गोणपाटात तूस आणि मधे वाळू भरून त्यांनी तीन बॅगा टांगल्या होत्या. पुतणीने तिसऱ्याच आठवड्यात एक फोडली. शेडभर तूस उडालं. सर शिंकत शिंकत बाहेर आले आणि मला म्हणाले, "बाई, हिला सोडू नका."

नाही सोडलं.

आता दुसरी मुलगी. ती खाडीकडच्या शहरातल्या एका मोठ्या क्लबची. जिल्ह्याची विजेती. तिच्या क्लबच्या दारावर तिचा फोटो असलेला फ्लेक्स आहे आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'अपराजित' असं लिहिलेलं आहे. तो मी स्वतः जाऊन पाहून आले. फोटोत ती चांगली दिसते. लढतेही चांगली, हे कबूल करायला मला जड जात नाही. शहापूरला एकदा दोन दिवसांचं सराव शिबिर झालं होतं, तिथे दोघी समोरासमोर आल्या. डोक्याला हेडगार्ड, मोठे ग्लोव्ह्ज, नुसता सराव. आमच्या पोरीचा सरळ डावा हात बसला आणि विजेती जमिनीवर बसली. लगेच उठली, हसली, पुढेही खेळली. पण तिचे सर हसले नाहीत. पांढरेशुभ्र बूट घालणारा माणूस. त्याने आमच्या पोरीकडे वरपासून खालपर्यंत असं पाहिलं, जसं बैल विकत घेताना पाहतात. त्या दिवसापासून या दोघी एका रिंगमध्ये आलेल्या नाहीत.

हे कसं जमवलं ते सांगते. वरच्या वजनाचे दोन गट असतात. एक ऐंशी किलोच्या आतला, दुसरा ऐंशीच्या वरचा. दोघी पोरी त्या रेषेच्या आसपासच्या. पहिल्या वर्षी आमचा अर्ज गेला ऐंशीच्या वर. विजेती नेहमी त्याच गटात खेळायची. त्या वर्षी ती अचानक खालच्या गटात गेली. आमच्या गटात दुसरं कोणीच नव्हतं. आमच्या पोरीला पदक. तिलाही तिच्या गटात पदक. दुसऱ्या वर्षी आम्ही पोरीचं वजन उतरवलं आणि अर्ज खालच्या गटात भरला. ती वर गेली. वजनाच्या दिवशी सकाळी ती वजन वाढवायला केळी आणि पाणी घेऊन बसली होती, आमच्या सरांनी डोळ्यांनी पाहिलं. अर्जांची यादी आधीच सगळ्या क्लबांना मिळते, आणि अर्जावर एक गट लिहायचा नि काट्यावर उभं राहिल्यावर दुसरा सांगायचा, हे जिल्ह्याच्या स्पर्धेत चालवून घेतात. पुन्हा दोघींना पदक. फोटो निघाले. मंचावर दोघी शेजारी शेजारी उभ्या, मधे पांढरे बूट.

आमचे सर मोबाईलवर परदेशातल्या हेवीवेट लढती बघतात. शेडमध्ये सराव संपला की पोरं भोवती जमतात. मीही कधी डबा द्यायला गेले की उभी राहते. तिथल्या मोठमोठ्या विजेत्यांवर कायम हाच आरोप असतो, की हा अमक्याला टाळतो, तो तमक्याला टाळतो. वर्षानुवर्षं नुसत्या घोषणा, पत्रकार परिषदा, एकमेकांना शिव्या. मग पाठ दुखते, खांदा दुखतो, अटी जमत नाहीत, आणि शेवटी पट्टा कमरेला बांधून भलत्याच दुबळ्या माणसाशी लढत. मला पूर्वी वाटायचं, ही कोट्यधीशांची थेरं. आपल्याकडे जिंकून मिळतं काय तर पितळी पदक आणि एक प्रमाणपत्र. एवढ्याशा गोष्टीसाठी कोण टाळाटाळ करेल? पण टाळणाऱ्याला पदकाशी घेणंदेणं नसतं. त्याला तो फ्लेक्स टिकवायचा असतो. क्लबात नाव घालायला येणारे आईबाप दारावरचा शब्द वाचतात.

दोन्ही वर्षी घरी आल्यावर ओटीवर बसलेल्या आबांनी एकच विचारलं.

"कोण उतरला समोर?"

"कोणी नाय, आबा."

"मंग हात फिरवला का गो?"

हे इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडच्या जत्रेत ज्या पैलवानाला जोड मिळत नाही, तो आखाड्यात उतरतो, एक हात वर करतो आणि कडेने गोल फिरतो. सगळ्या लोकांसमोरून. ज्याच्यात हिंमत आहे त्याने उठून यायचं आणि तो हात धरायचा. पंच नाही, अर्ज नाही, गट नाही. आबांचं म्हणणं, पूर्ण फेरी मारूनही कोणी हात धरला नाही तर बक्षिसाचा नारळ घ्यायला लाज वाटायची नाही. पण फेरी न मारता नारळ घेतला तर वर्षभर लोक विचारायचे, फुकटचा नारळ गोड लागला का?

मी दोन्ही वेळा त्यांना म्हटलं, "आबा, तिथं तसं नसतं."

"मंग कसं असतं?"

मी आत जाऊन पदक खिळ्याला अडकवलं.

यंदा पुतणीचं त्या वयोगटातलं शेवटचं वर्ष. तिला काय हवंय हे तिने मला एकदाच सांगितलं, भात झोडताना, माझ्याकडे न बघता. "काकी, मला एकदा खेळायचंय तिच्याशी. हरले तरी चालंल. मला म्हाईत तर पडूदे." हरले तरी चालेल, हे म्हणताना तिने पेंढी एवढ्या जोरात आपटली की दाणे माझ्या पायापर्यंत उडाले.

मी ठरवलं, आता त्यांचीच रीत वापरायची. अर्ज भरला ऐंशीच्या वरचा. म्हणजे विजेती खालच्या गटात जाणार. आणि आम्ही पोरीचं वजन गुपचूप ऐंशीच्या आत आणायचं. काट्यावर उभं राहिल्यावर गट बदलायचा, तोही तिचं वजन होऊन गेल्यावर. सर आधी कुरकुरले, सैन्यातला माणूस. मी म्हटलं, "सर, यात खोटं काही नाही. नियमात बसतं, तेच आपण करतोय." मग तेही कामाला लागले. भात बंद, संध्याकाळी नाचणीची पेज, पहाटे आटगावच्या रस्त्याने धावणं. वजन रोज गिरणीतल्या काट्यावर. तोच एक मोठा काटा गावात आहे. निघायच्या आदल्या दिवशी काट्याने एकोणऐंशी आणि वर थोडं दाखवलं. आम्ही दोघींनी गिरणीतच हात मिळवला.

स्पर्धा मुरबाडला, एका मंगल कार्यालयात. रिंग लावली होती सभागृहात आणि मुलींचं वजन होतं वधूपक्षाच्या खोलीत. आरशावर अजून कुणाकुणाच्या टिकल्या चिकटलेल्या होत्या. विजेतीचं वजन आमच्या आधी झालं. ऐंशीच्या आत. अगदी मला हवं होतं तसं. मग आमची पोरगी काट्यावर चढली.

ऐंशी किलो सातशे ग्रॅम.

मी म्हटलं, काटा चुकतोय. टेबलावरच्या बाईंनी शांतपणे दुसरा काटा आणला. तेवढंच. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गिरणीचा काटा! गिरणीवाला त्याच काट्यावर आमचं भात विकत घेतो. भात घेणाऱ्याचा काटा वजन कमीच दाखवणार. गावातल्या प्रत्येक बाईला हा संशय होता, प्रत्येकीने कधी ना कधी तो बोलून दाखवला होता, आणि तरी आम्ही दोघी महिनाभर त्याच काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत होतो. कारण यावेळी त्याने आम्हाला सोयीचं सांगितलं होतं.

(तो काटा आता दुरुस्त झालाय. मी परतल्यावर बचत गटाच्या बायकांना घेऊन गिरणीच्या दारात बसले. "वैनी, एवढं काय चुकलं असंल?" असं गिरणीवाला म्हणाला, तेव्हा पुतणीलाच काट्यावर उभी केली आणि शहापूरच्या दवाखान्यातल्या वजनाचा कागद पुढे धरला. पण तो राग वेगळा.)

वजनाची वेळ संपायला अजून अवकाश होता. सर म्हणाले, घाम काढू. मी बसायला म्हणून भातलावणीत पांघरायचं मेणकापड आणलं होतं, तेच पोरीच्या अंगाला गुंडाळलं, वरून सरांचं जाकीट. कार्यालयाच्या मागे आचारी खेळाडूंसाठी जेवण करत होते, मोठी भट्टी पेटलेली होती. भट्टीच्या बाजूलाच तिला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या.

आचारी भाताचं पातेलं हलवता हलवता थांबला. "काय गो, पोरीला उकडून घेता काय?"

"सातशे ग्रॅम कमी करायचेत," मी म्हटलं.

"मंग जवळ ये, बाय. झाकण लावू का वरून?"

पोरगी उड्या मारता मारता हसली, म्हणून सर ओरडले. आचाऱ्याने मात्र खरोखर दोन लाकडं आणखी सारली आणि आपलं स्टूल उचलून लांब गेला. ती थांबली तेव्हा तिच्या पायाखालची फरशी ओली झाली होती. वेळ संपता संपता ती पुन्हा काट्यावर उभी राहिली. एकोणऐंशी किलो नऊशे.

"गट?" टेबलावरच्या बाईंनी विचारलं.

"ऐंशीच्या आत," पुतणी म्हणाली. घसा कोरडा पडला होता, पण आवाज खणखणीत.

भिंतीवर यादी लागली. खालच्या गटात दोनच नावं होती आणि ती शेजारी शेजारी होती. मी पांढऱ्या बुटांकडे बघत होते. ते यादीपुढे बराच वेळ उभे राहिले, मग फोन काढून बाहेर गेले.

दुपारी पोरगी दोन घास जेवली आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. मी तिला त्याआधी इतकी शांत कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, झालं. यावेळी सुटत नाहीत.

संध्याकाळी तिचं नाव पुकारलं. लाल कोपऱ्यात ती चढली. मग निळ्या कोपऱ्याचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. घंटा वाजली. माइकवरून आवाज आला, "निळ्या कोपऱ्यातील खेळाडू वैद्यकीय कारणास्तव अनुपस्थित. उजवे मनगट." पंचांनी आमच्या पोरीचा हात धरून वर केला. टाळ्या.

ती अनुपस्थित मुलगी पहिल्या रांगेत बसलेली होती. मनगटाला पांढरं बँडेज. सकाळी त्याच हाताने तिने वजनाच्या कागदावर सही केली होती, माझ्यासमोर.

पंचांनी हात सोडला. पोरीने तो खाली घेतला नाही.

तसाच वर ठेवून ती दोरांच्या कडेने चालायला लागली. सावकाश. एका कोपऱ्यापाशी थांबली, लोकांकडे पाहिलं, पुढे निघाली. शहराकडून आलेल्यांना वाटलं, विजयाची फेरी आहे. ते आणखी टाळ्या वाजवू लागले. मागच्या खुर्च्यांवर सिद्धगडाकडच्या वाड्यांमधले काही लोक बसले होते, त्यांच्यातला कुणाचा तरी पोरगा लहान वजनात खेळला होता. त्यातला एक म्हातारा ताडकन उभा राहिला.

"आरं टाळ्या काय वाजवता? हात फिरवते ती! हाय का कोन जोड?"

टाळ्या थांबल्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली. "धरा की हात!" "घाबरला काय रं सगळा जिल्हा?" पोरगी दुसऱ्या कोपऱ्याला पोचली, मग तिसऱ्या. पहिल्या रांगेसमोर आली तेव्हा ती थांबली नाही, कुणाकडे विशेष पाहिलंही नाही. आबांनी सांगितलेलं असणार. कुणा एकाला हात दाखवायचा नसतो, तो सगळ्यांना असतो.

आणि विजेती उठली.

मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ती उठली आणि तिने बँडेजचं टोक दातांत धरून ओढलं. एक वेढा सुटला, दुसरा सुटला. पांढऱ्या बुटांनी मागून तिच्या जाकिटाला धरलं आणि खाली बसवलं. ती परत उठली. यावेळी त्यांनी दोन्ही हातांनी खेचलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलले. ती बसली. सुटलेलं बँडेज मांडीवर लोंबत राहिलं. तिची मान खाली होती.

तोवर मी तीन वर्षं त्या मुलीला शिव्या घालत होते. घरात, शेडमध्ये, शाळेतल्या बायकांसमोर. त्या क्षणी कळलं, की माझ्या पोरीसारखीच तिचीही लढत चोरली जात होती. फक्त माझ्या पोरीच्या कडेने उभी राहणारी माणसं वेगळी होती.

रिंगखालचे मुख्य अधिकारी उठून आले. "खाली उतर. हा शिस्तभंग आहे."

पुतणी म्हणाली, "सर, हात तुमीच वर केलात. मी फक्त खाली घेतला नाय."

मागच्या खुर्च्या हसल्या. अधिकारी आणखी लाल झाले. सरांनी तिला नजरेने खुणावलं, तेव्हा ती चौथ्या कोपऱ्यापर्यंत गेली, फेरी पुरी केली आणि मग उतरली.

मी सरळ पांढऱ्या बुटांसमोर जाऊन उभी राहिले.

"मॅडम, तुम्हाला गोल्ड मिळालंय," तो माणूस अगदी गोड आवाजात म्हणाला. "आणखी काय पाहिजे?"

"लढत."

"मुलगी जखमी आहे. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आहे. आणि हे जे आत्ता चाललं होतं ना, ते इथे चालत नाही. ही काय गावची जत्रा आहे?"

"नाही," मी म्हटलं. "जत्रेत उठलेल्या माणसाला कोणी मागून खेचत नाही."

तो काहीतरी बोलणार होता, पण त्याच्या मागे ती मुलगी उभी होती आणि ऐकत होती. त्याने मान वळवून पाहिलं आणि बाजूला झाला. तिने माझ्याकडे पाहिलं. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. तेवढ्यात सरांनी मला गाडीकडे बोलावलं.

आम्ही परत निघालो. सरळगावला थांबून पोरीने लागोपाठ वडापाव खाल्ले, महिन्याची भूक होती. सर चहाच्या ग्लासात बघत म्हणाले, "मोठ्या वयोगटात येईल ती पण. तिथे बघू." मला ते ऐकवलं नाही. तिथेही दोन गट आहेत, तिथेही डॉक्टर आहेत. लोकांना एवढंच दिसतं की दोघींना पदक मिळालं, कुणाचं काही गेलं नाही. गेलं ते असं आहे की दाखवता येत नाही. कुठल्या अर्जावर त्याचा रकाना नाही. तीन वर्षं पहाटे उठणाऱ्या पोरीला आपण किती पाण्यात आहोत हे कळू द्यायचं नाही, आणि वर तिच्याच गळ्यात हार घालून फोटो काढायचा. यापेक्षा सरळ हरवलेलं बरं. हरलेल्या माणसाला निदान कुणीतरी हरवलेलं असतं.

घरी पोचलो तेव्हा आबा ओटीवर वाट बघत होते.

"कोण उतरला समोर?"

"कोणी नाय उतरला," पुतणी म्हणाली. चपला काढून ती त्यांच्या पायाशी बसली. "पण हात फिरवला, आबा."

आबा सरळ झाले. "पुरा?"

"चारी कोपरे. आणि ती उठली होती. दोनदा उठली."

"मंग?"

"तिच्या सरांनी खाली खेचली."

 आबांनी हात पुढे केला, पदक मागितलं. तिने पिशवीतून काढून दिलं. त्यांनी ते तळहातावर घेऊन वजन केल्यासारखं वर खाली केलं आणि तिला परत दिलं.

"ठेव," म्हणाले. "हे तुजं हाय. पयली दोन नाय."

ती आत गेली. भिंतीवरच्या खिळ्याला पहिली दोन पदकं होती, ती तिने काढून ट्रंकेत टाकली आणि हे लावलं. मग बाहेर येऊन मला विचारलं, "काकी, उठली होती ना गो ती? तू पण बघितलंस ना?"

"बघितलं," मी म्हटलं. "दोनदा."

तिचं समाधान झालं. माझं झालेलं नाही.